दूरच्या यंत्राची साक्ष
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



दूर असलेल्या माणसास काम सांगणें सोपें असतें. तें काम झालें किंवा नाहीं, आणि झालें तर कसें झालें, याची खरी बातमी घरबसल्या मिळविणें मात्र कठीण. तारेच्या काळीं यासाठीं जबाबी तार नांवाची एक सोय होती. तार करणारा उत्तराचे पैसेहि आधींच भरून ठेवी, म्हणजे तार घेणारास उत्तर न देण्याची सबब उरत नसे. आपल्या देशांतील तारेची सेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली. परंतु ज्या अडचणीपोटीं जबाबी तार निघाली ती अडचण कांहीं तारेबरोबर गेली नाहीं. ती आतां यंत्रांच्या वांट्यास आली आहे, आणि तिच्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपण जे प्रोग्राम रोज वापरतों, मग ते बँकेचे असोत, आगगाडीच्या तिकिटांचे असोत कीं दूरध्वनीचे असोत, त्यांत ते लिहिणारी मंडळी दररोज कांहींना कांहीं फेरफार करीत असतात. नव्या फेरफारामुळें जुनें काम बिघडलें नाहीं ना, हें पाहण्यासाठीं शेंकडों, क्वचित् हजारों लहान लहान चांचण्या रचून ठेवलेल्या असतात. त्या माणसानें एकेक करून घ्यावयाच्या म्हटल्या तर फेरफार करण्यास सवडच राहणार नाहीं. म्हणून परीक्षा घेण्याचें कामहि एका प्रोग्रामाकडेच सोंपविलेलें असतें. रात्रीं सर्व मंडळी निजली असतां हा परीक्षक जागा होतो, नवी आवृत्ति उचलतो, ती निरनिराळ्या यंत्रांवर नेऊन बसवितो, तेथें ती चालवून पाहतो आणि सकाळीं पास-नापासाचा तक्ता मांडून ठेवतो. हीं यंत्रें एकाच खोलींत असतात असें नाहीं. परीक्षक पुण्यांत आणि यंत्रें सिंगापुरांत किंवा आयर्लंडांत, हा प्रकार हल्लीं नित्याचा झाला आहे. या दोघांमध्यें ये-जा करणारा जो जासूद, त्याचें नांव सिक्युअर शेल. धंद्यांतील लोक त्यास नुसतें एस्. एस्. एच्. म्हणतात.

या जासुदाचा जन्म फिनलंडांतला. त्याच्या आधीं दूरच्या यंत्रावर काम करण्यास टेल्नेट होतें, आणि १९८३ सालीं बर्कलीच्या विद्यापीठांतून निघालेल्या युनिक्सच्या आवृत्तींत आर्. एस्. एच्. नांवाचें साधन आलें होतें. दोहोंची रीत उघड्या पोस्टकार्डासारखी. मजकूर तर राहोच, पण परवलीचा शब्दसुद्धां वाटेंत बसलेल्या कोणासहि वाचतां येई. १९९५ सालीं हेल्सिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असाच टपून बसला आणि त्यानें परवलीचे शब्द टिपून घेतले. तेथील तातु इल्योनेन नांवाच्या संशोधकानें त्यावर उतारा म्हणून सिक्युअर शेल लिहिलें व त्याच वर्षीं जुलै महिन्यांत तें सर्वांस फुकट देऊन टाकलें. यंत्रावर येणाऱ्या प्रत्येक सेवेस एक दारक्रमांक नेमून दिलेला असतो. फायली नेण्या-आणण्याच्या जुन्या पद्धतीचा क्रमांक २१, टेल्नेटचा २३. मधला २२ रिकामा होता. इल्योनेननें तोच मागितला आणि त्यास तो मिळालाहि. शेजारच्या दोन्ही म्हाताऱ्यांचें काम आपण घेणार, असा त्याचा मनोदय त्या मागणींतच दिसतो. पुढें १९९९ सालीं ओपन्-बी-एस्-डीच्या मंडळींनीं याची मुक्त आवृत्ति काढली. ओपन्-एस्-एस्-एच् या नांवाची ती आवृत्तिच आज बहुतेक ठिकाणीं चालते.

हा जासूद दोन गोष्टींची हमी घेतो. निरोप वाटेंत कोणी वाचणार नाहीं व बदलणार नाहीं, ही एक; आणि पलीकडे जो उभा आहे तो खरोखरच तोच आहे, ही दुसरी. निरोपाप्रमाणें काम झालें, ही तिसरी हमी त्यानें कधींच घेतलेली नाहीं. पण पहिल्या दोन हम्या इतक्या उत्तम प्रकारें पाळल्या जातात कीं, तिसरीहि त्यांतच आली, असें लोक समजून चालतात. चांचणीचा तक्ता खोटा ठरतो तो बहुधा या समजुतीमुळें.

युनिक्सच्या कुळांतील प्रत्येक प्रोग्राम संपतांना एक आंकडा मागें ठेवून जातो. शून्य म्हणजे सर्व ठीक. १ पासून २५५ पर्यंतचा कोणताहि दुसरा आंकडा म्हणजे कांहींतरी बिघडलें. शून्य मिळाल्यावर आनंद मानण्याची ही एकच परीक्षा माझ्या माहितींत आहे. जुना आर्. एस्. एच्. हा आंकडा परत आणीतच नसे. पलीकडची आज्ञा सपशेल फसली तरी आपण जाऊन आलों एवढ्यावर तो शून्य सांगून मोकळा होई. ग्नू प्रकल्पांत जी. सी. सी. नांवाचा प्रसिद्ध संकलक आहे. त्याची परीक्षा घेण्यासाठीं डेजाग्नू नांवाचा परीक्षक वापरतात, आणि त्यास दूरच्या यंत्रांवर चांचण्या घ्याव्या लागत असल्यानें ही अडचण फार पूर्वींच भोंवली. त्यावर त्याच्या कर्त्यांनीं काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. प्रत्येक आज्ञेच्या शेंपटास ते आणखी एक छोटी आज्ञा जोडून देत: काम संपलें कीं एक्स-वाय-झेड हीं तीन अक्षरें लिही, त्यांपुढें समाप्तीचा आंकडा लिही, आणि मग तींच अक्षरें उलट क्रमानें लिही. परीक्षक परत आलेल्या मजकुराच्या शेवटीं हीं अक्षरें शोधतो. सांपडलीं तर मधला आंकडा हाच निकाल. सांपडलीं नाहींत तर आज्ञेचें काय झालें तें आपणांस ठाऊक नाहीं, एवढेंच खरें.

आपल्याकडील जुनीं पत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस येथें मोर्तबाची आठवण होईल. शिवकालीन पत्रांत मजकूर संपतो तेथें मोर्तबाचा शिक्का असतो. पत्र येथें संपलें, यापुढें कोणीं कांहीं घुसडलेलें नाहीं, आणि खालचा तुकडा फाटूनहि गेलेला नाहीं, हें त्या शिक्क्यावरून वाचणारास कळे. आंकडा परत न आणणाऱ्या जासुदाकडून काम करून घेतांना परीक्षकानें केलेली ही मोर्तबाचीच योजना होय.

एस्. एस्. एच्. या बाबतींत आपल्या पूर्वजाहून शहाणा आहे. पलीकडच्या आज्ञेचा आंकडा तो इमानानें परत आणून देतो. मात्र त्याची स्वतःचीच फेरी फसली, म्हणजे यंत्र भेटलें नाहीं, किल्ली लागली नाहीं किंवा वाटेंत जोडणी तुटली, तर तो २५५ सांगतो. येथें एक बारीक गोम आहे. पलीकडच्या प्रोग्रामास स्वतःहून २५५ म्हणण्याची मनाई नाहीं. तेव्हां २५५ ऐकल्यावर नवी आवृत्ति वाईट निघाली कीं रस्ता खचला, हें त्या एका आंकड्यावरून सांगतां येत नाहीं. डेजाग्नूची मोर्तबाची युक्ति म्हणूनच अजूनहि शिळी झालेली नाहीं: मोर्तब आलें असेल तर तो आंकडा प्रोग्रामाचा, मोर्तब नसतां २५५ आला तर बोलणारा जासूद.

डेजाग्नूच्या निकालपत्रांत पास आणि नापास यांच्या जोडीला आणखी शेरे आहेत, त्यांत एक ‘अनिर्णित’ असा आहे. माझ्या मतें साऱ्या पद्धतींत हा शेरा सर्वांत मोलाचा आहे, आणि सर्वांत कमी वापरला जातो तोहि हाच. मुलगा परीक्षेस निघाला व वाटेंत पूल वाहून गेला, तर त्यास नापास म्हणणें अन्यायाचें आणि पास म्हणणें खोटेपणाचें. तरीहि पुष्कळ कारखान्यांत रस्ता खचला कीं सरळ नापासाची लाल खूण पडते. महिन्यांतून दहा वेळां अशी लाल खूण पडली, आणि दहाहि वेळां प्रोग्रामांत दोष निघाला नाहीं, म्हणजे लांडगा आला रे आला ही गोष्ट घडते. अकराव्या वेळीं दोष खराच असतो. पण तोंवर लाल खुणेकडे पाहण्याची सर्वांची संवय मोडलेली असते.

अनिर्णित निकालावर काय करावें? पुन्हां पाठवावें, हें उत्तर सर्वांच्या तोंडीं असतें. तें अर्धेंच खरें आहे. जोडणी लागलीच नसेल तर पुन्हां पाठविण्यास हरकत नाहीं. जोडणी लागून मग तुटली असेल तर आज्ञा पुरी झालेली असूं शकते, अर्धी झालेली असूं शकते, किंवा तुम्हीं दुसऱ्यांदा पाठवीत असतां पहिलीच अजून चाललेली असूं शकते. खात्यांतून शंभर रुपये वजा करण्याची चांचणी अशी दोनदां चालली तर शिल्लक चुकणार, आणि दोष निर्दोष प्रोग्रामाच्या माथीं बसणार. म्हणून आज्ञाच अशा लिहाव्यात कीं त्या दोनदां केल्या तरी फळ एकच यावें. ‘फोल्डर कर’ असें न सांगतां ‘फोल्डर नसल्यास कर’ असें सांगावें. जेथें हें साधत नाहीं तेथें यंत्र मूळपदावर आणून मगच दुसरी फेरी घ्यावी.

आतां एक प्रकार सांगतों. तो प्रथम ऐकणारास खोटा वाटतो. एका फायलींत वीस यंत्रांचीं नांवें ओळीनें लिहिलेलीं आहेत. परीक्षकास सांगितलेलें आहे कीं, एक ओळ वाच, त्या यंत्राकडे जासूद पाठीव, तेथें चांचणी घे, मग पुढची ओळ वाच, आणि ओळी संपल्या कीं थांब. दिसण्यांत यांत कांहींच वावगें नाहीं. परीक्षक पहिलें नांव वाचतो आणि जासुदास पाठवितो. पण जासुदाचा स्वभाव असा कीं, निघतांना दारांत जें कांहीं वाचावयास ठेवलेलें असेल तें सर्व तो पलीकडच्या आज्ञेस लागेल म्हणून पिशवींत घालून नेतो. दारांत काय होतें? उरलेलीं एकोणीस नांवें. तीं सारीं तो घेऊन जातो. पहिली चांचणी उत्तम पार पडते. परीक्षक पुढची ओळ वाचूं जातो, तों यादी संपलेली! सांगितल्याप्रमाणें तो थांबतो, आणि तक्त्यावर लिहितो: नापास शून्य.

येथें कोठेंहि २५५ आला नाहीं, कोठेंहि तक्रार नाहीं, कोणी खोटें बोललें नाहीं. एकोणीस यंत्रांकडे कोणी फिरकलें मात्र नाहीं. असा तक्ता दिवसेंदिवस हिरवा राहिलेला, आणि त्यावर भरंवसून माल बाहेर गेलेला, मीं एका ठिकाणीं पाहिलेला आहे. यावरचा उपाय एका अक्षराचा आहे: ‘उणे एन्’ ही खूण आज्ञेस लावली कीं जासूद दारांतील वस्तूंस हात लावीत नाहीं. तथापि मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे, कारण तो याच नव्हे तर अशा पुष्कळ दोषांवर चालतो. शाळेची सहल निघते तेव्हां मास्तर गाडींत मुलें मोजतात आणि परतींतहि मोजतात. कोण हरवलें याचा विचार मागाहून. आधीं चाळीस गेलीं आणि चाळीस आलीं कां, हें पाहावयाचें. चांचण्यांच्या तक्त्यावर नापास किती हा आंकडा असतोच. अपेक्षित किती व प्रत्यक्षांत झाल्या किती, हे दोन आंकडे त्याच्या शेजारीं नसतील तर नापास शून्य या शब्दांस कांहीं अर्थ नाहीं.

याच जातीचा दुसरा एक दोष थोडक्यांत सांगून पुढें जातों. चांचणीचा मजकूर पडद्यावर दिसावा आणि वहींतहि उतरावा म्हणून तो एका नळींतून दुसऱ्या प्रोग्रामाकडे सोडतात. अशा वेळीं परत येणारा आंकडा नळीच्या शेवटच्या प्रोग्रामाचा असतो. चांचणी कोसळली, पण वही लिहिणारानें आपलें काम चोख केलें, म्हणून शून्य. बॅश या शेलमध्यें ‘पाइपफेल’ नांवाची अट घातली तर हा घोटाळा टळतो. ती अट न घालण्यास कारण काय, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

आज्ञेच्या शब्दांचीहि एक कथा आहे. नभोवाणीवर अवतरणचिन्हें वाचून दाखवितां येत नाहींत, हें श्रोत्यांचें भाग्यच म्हणावयाचें. नाहींतर पुढील पांच मिनिटें तींच ऐकावीं लागलीं असतीं. सार एवढेंच कीं, आज्ञा दोनदां वाचली जाते. एकदां आपल्या यंत्रावरील शेल ती वाचतो, शब्द तोडतो, अवतरणचिन्हें काढून टाकतो. जासूद ते सुटे शब्द मध्यें एकेक जागा सोडून पुन्हां एका ओळींत गोंवतो, आणि पलीकडचा शेल ती ओळ नव्यानें वाचून पुन्हां शब्द तोडतो. ‘वार्षिक हिशेब’ या नांवाची एक फाइल पुसण्यास तुम्हीं सांगितलें, तर पलीकडे ‘वार्षिक’ नांवाची एक आणि ‘हिशेब’ नांवाची दुसरी अशा दोन फायली पुसण्याची आज्ञा पोंचते. मोडींत शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळें शब्द कोठें संपला हें वाचणारानें ठरवावयाचें असे. त्या वाचणारास निदान विषयाचा संदर्भ असे. यंत्रास तो नसतो. यासाठीं लांबलचक वाक्य जासुदाच्या तोंडीं देऊंच नये. सर्व सूचना एका फायलींत लिहाव्या, ती फाइल पलीकडे पाठवावी, आणि ‘ही चालीव’ एवढेंच सांगावें. फायलीस अवतरणचिन्हांची बाधा होत नाहीं, आणि काय सांगितलें होतें याचा कागदहि मागें राहतो.

हातानें करून पाहिलें तर चालतें, रात्रीं परीक्षकाकडून चालत नाहीं, अशी जी रड नेहमीं ऐकूं येते तिचें मूळहि शेलमध्येंच आहे. माणूस स्वतः आंत शिरतो तेव्हां शेल त्याच्यासाठीं सर्व सामानसुमान मांडून ठेवतो. एकट्या आज्ञेसाठीं तो तितकी तसदी घेत नाहीं. प्रोग्राम कोठें शोधावयाचे ही यादी मग तोकडी पडते, आणि १२७ आंकडा येतो. ‘असा प्रोग्राम सांपडला नाहीं’ हा त्याचा अर्थ. प्रोग्रामाचा पुरा पत्ता दिला कीं काम भागतें.

वेळेचा प्रश्न याहून बिकट. पलीकडचें यंत्र एकाएकीं बंद पडलें तर जासूद ‘मी मेलों’ असें कळविण्यास परत येत नाहीं. परीक्षक वाट पाहतच राहतो. ओपन्-एस्-एस्-एच्‌मध्यें ठराविक सेकंदांनीं ‘आहेस कां?’ म्हणून हांक मारण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते; मूळच्या स्थितींत ती बंद असते. पंधरा सेकंदांनीं एक हांक आणि तीन हांकांस ओ नाहीं आली तर संबंध तोडावयाचा, असें ठरविलें म्हणजे पाऊण मिनिटाच्या सुमारास मौनाचा उलगडा होतो. पण यंत्र जिवंत आहे आणि चांचणीच गुंतून पडली आहे, तेथें या हांकेचा उपयोग नाहीं. तेथें चांचणीस स्वतःची मुदत हवी, आणि ती मुदत पलीकडच्या यंत्रावर लावलेली हवी.

पलीकडच्या कां, तें सांगतों. कंटाळून इकडे जासुदाचा गळा दाबला म्हणजे तिकडचें काम थांबतें, असा समज आहे. तो खरा नाहीं. आज्ञा पडद्याशिवाय, म्हणजे टर्मिनल न मागतां दिलेली असेल, आणि चांचण्यांत ती बहुधा तशीच देतात, तर जासूद मेल्याची वार्ता त्या बिचाऱ्या प्रोग्रामास कोणी सांगत नाहीं. तो आपला चालूच. दुसऱ्या रात्रीं नवी आवृत्ति तेथें जाते, तों तिला लागणारा दारक्रमांक अडलेला, स्मृति खाल्लेली, फायलींना कुलूप. चांचणी पडते आणि सर्वजण नव्या फेरफारांत दोष शोधूं लागतात; वास्तविक दोष आदल्या रात्रीच्या भुताचा. ग्नूच्या साधनांत ‘टाइमाउट’ नांवाचा एक छोटा प्रोग्राम आहे. तो पलीकडेच पहारा करतो, मुदत संपतांच प्रोग्राम मारतो आणि १२४ हा आंकडा परत पाठवितो. १२४ आला म्हणजे मुदत संपली, हें निदान नि:संदिग्ध कळतें.

उलट टोंकाचीहि गंमत आहे. पलीकडे एखादी सेवा सुरू करून परत ये, असें जासुदास सांगावें, सेवा सुरू व्हावी, आणि जासूद परतच येऊं नये! कारण त्या सेवेनें बोलण्याची नळी हातांत धरून ठेवलेली असते, आणि नळी मोकळी झाल्याशिवाय जासूद निघत नाहीं. सेवेचें येणें-जाणें सारें दुसरीकडे वळवून मग ती सुरू केली, तर तो लगेच परततो.

इतका वेळ आपण साक्षीच्या खरेपणाविषयीं बोललों. किल्ल्यांचा विषय राहिला. रात्रीं परवलीचा शब्द टंकण्यास माणूस नसतो. म्हणून परीक्षकाजवळ एक गुप्त किल्ली ठेवतात आणि तिची जोड असलेली उघडी किल्ली प्रत्येक यंत्रावर नोंदवितात. ही गुप्त किल्ली ज्याच्या हातीं पडेल त्यास सर्व यंत्रांचीं दारें सताड उघडीं. तरी पुष्कळ ठिकाणीं हीच किल्ली चांचणीच्या यंत्रांस आणि खऱ्या कामाच्या यंत्रांस सारखीच लागते. कारकुनास दप्तरखान्याची किल्ली द्यावयाची, तर सबंध वाड्याचा जुडगाच देऊन टाकण्यासारखें हें आहे. वास्तविक उघडी किल्ली नोंदवितांना, ही किल्ली अमुकच पत्त्यावरून यावी आणि हिनें अमुकच एक आज्ञा चालावी, असें तिच्या ओळींत लिहितां येतें. दोन मिनिटांचें काम आहे.

किल्लीची दुसरी बाजू म्हणजे यंत्राची ओळख. नवें यंत्र प्रथम भेटतें तेव्हां जासूद त्याचा ठसा दाखवून विचारतो: हें तेंच यंत्र ना? माणूस ‘हो’ म्हणतो. रात्रीं ‘हो’ म्हणणारें कोणी नसतें, म्हणून हा प्रश्नच विचारूं नको, असें परीक्षकास शिकवून ठेवण्याची चाल पडली आहे. तिचा परिणाम २०२३ सालीं दिसला. त्या वर्षीं २४ मार्च रोजीं गिटहब या कोठारानें आपल्या यंत्रांची आर्. एस्. ए. जातीची किल्ली बदलली, कारण गुप्त राहावयाची ती किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक जागीं उघडी पडली होती. त्या दिवशीं ज्यांचे परीक्षक ओळख पाहत होते आणि त्याच जातीच्या किल्लीवर विसंबले होते, त्यांचीं कामें धडाधड थांबलीं आणि पडद्यावर ‘यंत्राची ओळख बदलली आहे’ असा भला थोरला इषारा आला. त्यांनीं कुरकूर केली असेल. ज्यांनीं ओळख पाहणें बंद ठेवलें होतें त्यांस कांहींच जाणवलें नाहीं. आणि गिटहबच्या जागीं एखादा तोतया उभा असता तरीहि त्यांस कांहींच जाणवलें नसतें. चांचणीसाठीं यंत्र निर्माण करणारा प्रोग्राम त्याचा ठसा त्याच क्षणीं लिहून घेऊं शकतो. मग रात्रीं कोणास विचारण्याचें कारण उरत नाहीं आणि पाहणीहि सोडावी लागत नाहीं.

शेवटीं २०२४ सालची एक हकीकत सांगतों. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या कोठार-प्रोग्रामाच्या कर्त्यांपैकीं एक. ते आपल्या यंत्रावर कांहीं सूक्ष्म वेग मोजणार होते, आणि त्यासाठीं यंत्र अगदीं शांत असावयास हवें होतें. तें शांत होईना. पाहतां पाहतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, एस्. एस्. एच्. चा दारवान नको इतकें श्रम करीत आहे. आणि तेंहि मुळांत जीं नांवें यंत्रावर नाहींतच, त्यांना नाहीं म्हणण्यासाठीं. पूर्वीं सुमारें ०.३ सेकंदांत येणारा नकार आतां ०.८ सेकंद घेत होता. दुसरा एखादा अर्ध्या सेकंदाकडे पाहून पुढें गेला असता. फ्रॉइंड यांस मात्र आणखी एक गोष्ट आठवली: कांहीं आठवड्यांपूर्वीं पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चांचण्यांत स्मृति तपासणाऱ्या व्हॅल्ग्रिंड या साधनानें एक विचित्र तक्रार नोंदविली होती, आणि तीहि यंत्रावरील कांहीं नव्या आवृत्ति बसविल्यानंतरच.

हे दोन धागे धरून ते ‘एक्स्. झेड्.’ नांवाच्या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनापर्यंत पोंचले. त्याच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत चोरदरवाजा बसविलेला होता. ओपन्-एस्-एस्-एच् स्वतः या साधनास शिवतहि नाहीं. पण कांहीं वितरक त्यास आपल्या सोयीचें एक ठिगळ लावीत, आणि त्या ठिगळाच्या आश्रयानें हें साधन दारवानाच्या अंगांत शिरे. ज्याच्याजवळ एक विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्यास ओळख न पटवितां पलीकडच्या यंत्रावर वाटेल ती आज्ञा चालवितां यावी, अशी ती योजना होती. दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणें मदत करून विश्वास मिळविलेल्या एका सहकाऱ्याच्या नांवानें ती आंत आली. आणि ती लपविली कोठें? चांचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या, मुद्दाम बिघडविलेल्या फायलींत. चांचणीची फाइल कोणी उघडून वाचीत नाहीं, आणि ती बिघडलेली दिसली तर कोणास आश्चर्यहि वाटत नाहीं, हें लपविणारानें नेमकें हेरलें होतें.

फ्रॉइंड यांनीं २९ मार्च रोजीं ही गोष्ट जाहीर केली आणि वितरकांनीं त्या आवृत्ति मागें घेतल्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत ती कीड पोंचली नव्हती. चांचणीच्या आणि अस्थिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखांत ती सांपडली.